तिथीची घाई : चाकरमान्याच्या वाटेचा इतिहास

'चाकरमानी' हा शब्द कोकणच्या संदर्भात आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. चाकरीवर ज्याचा निर्वाह चालतो तो चाकरमानी. म्हणजेच ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे असा माणूस. त्याची रजा मालक ठरवतो आणि त्याच्या घरच्या गणपतीची तिथी पंचांग ठरवते. या दोहोंमध्ये अनेकदा एकच रात्र उरते. मालवणी रंगभूमीने चाकरमान्याच्या ऐटीची मनसोक्त थट्टा केली. त्याच्या या रात्रीकडे मात्र इतिहास म्हणून पाहायला हवे, असे आम्हांला वाटते.

मालवण तालुक्यातील तोंडवली घेऊ. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये तळाशीलपर्यंत गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी. या किनाऱ्याची मुंबईकडे जाणारी जुनी वाट समुद्राची होती. आगबोटी मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांत चाकरमान्यांना उतरवीत. परंतु पावसाळ्यात दक्षिणेकडच्या बोटी बंद असत. भाद्रपदात गणपतीला यायचे तर कोल्हापूरकडून घाट उतरण्याचा वळसा घ्यावा लागे. ही गैरसोय होती खरी, पण तिच्यात एक शहाणपणही होते. समुद्र खवळला असेल तर घाई करायची नाही, हे सर्वांनी मान्य केले होते. मुंबईजवळच्या फेऱ्या मात्र पावसाळ्यातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावस्येच्या सणासाठी घरी निघालेल्यांनी भरलेली 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सण, गर्दी आणि पाऊस एकत्र आले की काय होते, याचा तो भीषण धडा होता.

स्वातंत्र्यानंतर वाट बदलली. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे कोकणातली गावेही लाल गाडीने जोडली गेली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. परंतु २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीतील विशेष गाडी रुळांवर आलेल्या दगडांमुळे घसरली आणि पन्नासच्या वर प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. या मार्गावर पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असते. गाड्या हळू धावतात, उशिरा पोहोचतात आणि त्या उशिराला कोणी अपराध मानीत नाही. समुद्राने 'बंद' पाळला, तसा रेल्वेने 'उशीर' नियमात बसवला.

रस्त्यापाशी हा बंदही नाही आणि उशीरही नाही. पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा मुंबई-गोवा महामार्ग भर पावसाळ्यात, सर्वाधिक गर्दीच्या दिवसांतही, वाहनचालकाच्या मर्जीवर सोडलेला असतो. १९ मार्च २०१३ रोजी गोव्याहून मुंबईला निघालेली खाजगी बस खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून पहाटेच्या अंधारात कोसळली आणि ३७ जण गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, गणेशचतुर्थी महिन्यावर आलेली असताना, महाडजवळचा सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल कोसळून एस.टी.च्या दोन गाड्या पुरात नाहीशा झाल्या. पहिल्या घटनेत वाहन पुलावरून गेले, दुसरीत पूलच गेला. सगळा दोष चालकावर ढकलता येत नाही, तसा सगळा रस्त्यावरही टाकता येत नाही.

सरकारलाही या तिथीची जाणीव आहे. सावित्रीचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. कशेडी घाटाला पर्याय असलेल्या बोगद्याची एक मार्गिका सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर खुली केली गेली. सणाच्या दिवसांत अवजड वाहनांना बंदीही घातली जाते. परंतु या साऱ्या उपायांनी वाट मोकळी होते. माणसाची झोप पूर्ण होत नाही. मध्याह्नी मूर्तीची प्रतिष्ठापना, तेव्हा सकाळपर्यंत घर गाठायचे. म्हणून आदल्या संध्याकाळी कामावरून सुटून थेट सुकाणू हाती घ्यायचे. सुमारे साडेचारशे किलोमीटरनंतर कणकवलीला महामार्ग सोडून आचऱ्याच्या अरुंद वळणांवर वाहन येते तेव्हा पहाट झालेली असते आणि डोळे मिटू लागलेले असतात. पगारी चालकासाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती पाळली जात होती की नाही हा वेगळा प्रश्न. पण स्वतःची मोटार हाकणाऱ्या घरधन्यावर तेवढेही बंधन नाही.

दोष पंचांगाचाही नव्हे. चतुर्थी केव्हा येणार हे वर्षभर आधी ठाऊक असते. आयत्या वेळी मिळते ती रजा. म्हणून या महामार्गावरच्या सुरक्षिततेचा एक धागा मुंबईतल्या कचेऱ्यांच्या हजेरीपटापर्यंत जातो, असे आमचे मत आहे. रजेचा आणखी एक दिवस मिळाला तर रात्रीचा प्रवास दिवसाचा होऊ शकतो. समुद्राने आणि रेल्वेने जे शहाणपण आपल्याला शिकवले, ते रस्त्यावर आणायचे तर 'चाकरमानी' या शब्दातील चाकरी थोडी सैल करावी लागेल.