जलगुणवत्ता शिक्षण

जलगुणवत्ता शिक्षण : ओढा, नदी किंवा तलाव यांच्या पाण्याचे गुणधर्म जागेवर मोजून आणि त्यातील जीवसृष्टी पाहून त्या जलस्रोताचे आरोग्य ओळखण्यास विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धती. पिण्यायोग्य पाणी आणि निरोगी जलस्रोत या दोन वेगळ्या कल्पना आहेत, हा तिचा पहिला धडा होय. क्लोरिनयुक्त नळाचे पाणी माणसाला सुरक्षित असते, पण त्यात मासे मरतात. उलट जंगलातील ओढ्याचे पाणी न उकळता पिणे धोक्याचे असले, तरी ओढा सुदृढ असू शकतो.

इतिहास : प्राण्यांवरून पाण्याची प्रत ठरविण्याचा पाया कोल्कविट्झ व मार्सॉन या जर्मन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घातला. अमेरिकेत १९७० मध्ये तयार झालेल्या जलगुणवत्ता निर्देशांकात विरघळलेला ऑक्सिजन, विष्ठाजन्य जीवाणू, सामू, जैविक ऑक्सिजन मागणी, तापमानातील फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा व एकूण घनद्रव्ये अशा नऊ घटकांना भारांक दिले गेले. त्यांत ऑक्सिजनचा वाटा सर्वाधिक, ०.१७ आहे. शाळांमध्ये ही पद्धत रुजली ती मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथून. ह्यूरॉन नदीत खेळलेल्या काही विद्यार्थ्यांना काविळीची लागण झाल्यावर, १९८४ मध्ये मिशिगन विद्यापीठातील विल्यम स्टॅप यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी नदीची तपासणी केली. त्यातून पुढे ‘ग्रीन’ हे नद्यांविषयीच्या शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले.

ऑक्सिजन व तापमान : समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो ७.६ मिग्रॅ.वर येतो. त्यामुळे काठावरची झाडी तोडून ओढा उन्हात उघडा पडला, की सांडपाण्याचा थेंबही न मिसळता त्याची प्रत घसरते. सांडपाणी मिसळल्यास ते कुजविणारे जीवाणू उरलेला ऑक्सिजन वापरतात. या वापराचे माप म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी. भारतात ती २७ अंशांना तीन दिवसांत मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार स्नानायोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिग्रॅ. ऑक्सिजन हवा आणि ही मागणी ३ मिग्रॅ.पेक्षा जास्त नसावी. मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिग्रॅ. ऑक्सिजन ठरविला आहे. ऑक्सिजन मोजण्यासाठी शाळेत बहुधा हंगेरियन रसायनज्ञ विंक्लर यांच्या १८८८ मधील पद्धतीवर आधारलेले संच वापरतात.

मोजणीची वेळ इथे निर्णायक ठरते. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर आढळतो. रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी ऑक्सिजन घेते, त्यामुळे पहाटे तो नीचांकाला जातो आणि मासे मरतात. शाळेच्या वेळेत, भर दुपारी घेतलेला नमुना अशा तळ्याला निरोगी ठरवितो.

पोषकद्रव्ये : खते, साबण व मैलापाणी यांतून आलेल्या फॉस्फरस व नायट्रोजनमुळे शेवाळ आणि जलपर्णी माजतात, याला सुपोषण म्हणतात. कॅनडात ओंटारिओ प्रांतातील २२६ क्रमांकाच्या प्रायोगिक सरोवराचे पडद्याने दोन भाग करून डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस सोडला. फक्त दुसरा भाग हिरवा झाला. त्याचे विमानातून घेतलेले छायाचित्र हा विषय शिकविताना जगभर दाखविले जाते. तलावाची पारदर्शकता मोजण्यासाठी काळ्या-पांढऱ्या पावांची, २० सेंमी. व्यासाची सेक्की तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवितात.

जीवांची साक्ष : रासायनिक मोजणी त्या क्षणापुरती असते, तळाशी महिनोन्‌महिने राहणारे जीव मधल्या काळाचीही खबर देतात. रात्री सोडलेले रसायन सकाळपर्यंत वाहून जाते, पण त्याने मेलेल्या अळ्या लगेच परत येत नाहीत. स्टोनफ्लाय, बहुतेक मेफ्लाय व कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या ऑक्सिजनयुक्त स्वच्छ पाण्यात आढळतात. चतुर, टाचणी व खेकडे मध्यम प्रदूषण सोसतात. नुसत्या लाल रक्तकिड्यांची व ट्युबिफेक्सची गर्दी असल्यास पाण्यात सेंद्रिय घाण जास्त आहे असे समजतात. दक्षिण आफ्रिकेतील ‘मिनीसास’ पद्धतीत अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या अवघ्या १३ गटांवरून गुणांकन करतात. ओळख प्रजातीपर्यंत न नेता गटापाशी थांबत असल्याने ती शाळकरी मुलांना जमते.

महाराष्ट्रातील संदर्भ : केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते, ही संख्या राज्यांत सर्वाधिक होती. त्यामुळे अभ्यासाला नदी शोधत दूर जावे लागत नाही. शहराच्या वरच्या अंगाला एक, सांडपाण्याच्या नाल्यानंतर एक व बरेच खाली एक असे तीन नमुने घेतले, तर नदीची स्वतःला सावरण्याची क्षमताही दिसते. मात्र थंड प्रदेशांतील गुणतक्ते येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दख्खनचे अनेक ओढे उन्हाळ्यात आटतात, पावसाळ्यात गढूळ होतात. त्यामुळे कीटकांच्या पाहणीला हिवाळा सोयीचा. लोणार सरोवराचे पाणी निसर्गतःच तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. एखाद्या नदीत तो आढळल्यास आपत्ती ठरेल, पण लोणारच्या सूक्ष्मजीवांचे जीवन त्यावरच चालते. म्हणून कोणताही आकडा त्या जलस्रोताच्या मूळ प्रकृतीशी ताडून पाहावा लागतो.

दक्षता व मर्यादा : दूषित पाण्यातून कावीळ व लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने हातमोजे वापरणे, जखम झाकणे व नंतर साबणाने हात धुणे आवश्यक असते. पुराच्या दिवसांत पात्रात उतरू नये. पकडलेले जीव पाहून झाल्यावर त्याच जागी सोडावेत आणि परीक्षणाची वापरलेली रसायने नदीत न ओतता बाटलीत परत आणावीत. जड धातू व कीटकनाशके शालेय संचांनी सापडत नाहीत, आणि विद्यार्थ्यांचे आकडे प्रमाणित प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेत नाहीत. मात्र एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षे ठेवलेली नोंदवही प्रवाहातील बदल लवकर दाखविते आणि तज्ज्ञांनी नेमकी कुठे तपासणी करावी हे सुचविते.