मोठं इंजिन बसतं, पण पेलतं का?

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन केला. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस गाडीच्या चासीवर काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त आहे. पण झालं असं की आपल्या अहेरीतला एक तरुण आमच्या घरी आला. वडिलांच्या शेडमध्ये त्यानं चौकोनी नळ्या जोडून दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स कार उभी केली आहे. इंजिन छोटं आहे, आता त्याला मोठं हवंय. त्यानं विचारलं, ‘सर, बसेल का?’ आम्ही म्हटलं, ‘बसेल रे, पण पेलेल का?’ तो हसला. आम्हाला मात्र हसू आलं नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

अशा घरी जोडायच्या गाड्यांचा इतिहास प्रामुख्यानं इंग्लंडातला. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी ‘लोटस सेव्हन’ आणली. तयार गाडीवर तिथं खरेदी कर लागे, सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून लोक भाग घरी आणत आणि गॅरेजात गाडी जोडत. सुरुवातीच्या गाडीत फोर्डचं ११७२ सीसीचं इंजिन, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. गाडी अगदी हलकी, त्यामुळे तेवढ्यावरही ती पळे. पण माणसाची हौस तेवढ्यावर भागत नाही. १९६१ मध्ये १३४० सीसीचं इंजिन आलं, ताकद दुप्पट झाली. १९६९ पर्यंत त्याच घराण्यातली एक गाडी ११५ अश्वशक्तीच्या आसपास पोचली. म्हणजे एका तपात ताकद जवळजवळ तिप्पट.

आणि चासीचं काय झालं? १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत खर्च वाचवायला तिच्यातल्या काही नळ्या कमी केल्या होत्या! इंजिन वाढत गेलं आणि सांगाडा हलका होत गेला. पुढे मोठ्या इंजिनाच्या गाडीसाठी पोलादी पत्रे जोडून तो पुन्हा मजबूत करावा लागला. १९७३ मध्ये ही गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि तो मजबूत केलेला सांगाडाच पुढच्या गाड्यांना उपयोगी पडला.

आता यात अडचण नेमकी कुठे येते, ते पाहू. चार काठ्यांची चौकट करा, कोपऱ्यात एकेक खिळा मारा आणि बाजूनं ढकला. ती तिरकी होईल. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी काठी ठोका, चौकट जागची हलणार नाही. नळ्यांच्या चासीचा सगळा जीव या तिरप्या नळीत असतो. आणि मोठं इंजिन खाली उतरवताना आडवी येते ती हीच. मिस्त्री म्हणतो, ‘कापून टाकू, नंतर बघू.’ ते ‘नंतर’ कधी येत नाही. जाणते लोक ती नळी बोल्टनं काढता-घालता येईल अशी करतात. इंजिन उतरलं की नळी पुन्हा जागेवर.

दुसरी गोष्ट पिळाची. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. अखंड बांबू दोन्ही हातांनी पिळून पाहा, दाद देणार नाही. तोच उभा चिरून पिळा, लगेच वळेल. बंद नळी आणि उघडी पन्हळ यांच्यात हाच फरक. आता हिशोब करा. इंजिनाचा पीळ समजा १४० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट होतो, म्हणजे ४९०. जवळपास तेवढाच उलटा पीळ इंजिनाच्या माउंटिंगमधून चासीवर येतो. मागे डिफरन्शिअलमध्ये तो आणखी चौपट झाला की १९६०. तो एक्सलच्या पकडींवर पडतो. शिवाय ६० च्या जागी ९० चा वेग धरला, तर थांबताना ब्रेकला सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे इंजिन बदललं एका जागी, पण हिशोब द्यावा लागतो प्रत्येक सांध्याला. बैल दांडगे आणले तर जू आणि आसही तशीच लागते, हे आपल्या सुताराला कुणी शिकवावं लागत नाही.

आता आम्हाला हसू का आलं नाही ते सांगतो. आमच्या तरुणपणी आम्ही मित्रांनी एका जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं होतं. त्या काळी पेट्रोल परवडेना म्हणून बरेच जण तसं करत. डिझेल इंजिन जड आणि त्याचा थरथराट जास्त. आम्ही माउंटिंगची पट्टी चासीच्या कडेला वेल्ड करून मोकळे झालो. दोन-तीन महिन्यांनी सिरोंच्याच्या रस्त्यावर ती पट्टी मुळापासून तडकली, इंजिन पुढे कललं आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसला. मागे मित्राची दोन मुलं बसली होती. कुणाला खरचटलंही नाही, पण ती रात्र जंगलात काढली. सकाळी पाहिलं तर तड बरोबर वेल्डिंगच्या कडेनं गेलेली. तापवलेल्या जागी लोखंडाचा स्वभाव बदलतो आणि थरथराट तीच जागा शोधतो. घाई आमची होती, मिस्त्रीला दोष नाही.

महाराष्ट्रात हौशी आणि जिद्दी माणसांची वाण नव्हती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये दोन माणसांची छोटी गाडी बनवली. पुढे वीस वर्षं ते नवे नवे नमुने करत राहिले. ती ‘मीरा’. सुमारे १२,००० रुपयांत सामान्य माणसाला गाडी मिळावी हे त्यांचं स्वप्न होतं, पण तिचं कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन कधी झालं नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत ‘चिंकारा मोटर्स’नं लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली आणि तिच्यात अॅम्बेसेडरमध्ये वापरलं जाणारं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप केली. ती नियमात बसणारी नव्हती. आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये त्यांना बोलेरो देऊन ती जीप आपल्याकडे घेतली.

नियमाचा मुद्दा टाळता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांवर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे उचलून धरलं. नव्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत व्हावी लागते. शेडमधल्या पोराला हे सोपं नाही, हे आम्ही मान्य करतो. पण खासगी आवारात गाडी चालवून पाहणं वेगळं आणि भर रस्त्यावर माणसांमध्ये आणणं वेगळं.

मिलिंद राजाला नागसेनांनी विचारलं होतं, रथ म्हणजे चाकं का, आस का, दांडी का? यातलं एकेक म्हणजे रथ नव्हे. हा प्रश्न आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवला, पण त्याचा अर्थ खरा कळला तो त्या तडकलेल्या पट्टीपाशी. गाडी म्हणजे इंजिन नव्हे. सगळे भाग एकमेकांचा भार घेतात, तेव्हा ती गाडी होते.

त्या तरुणाला आम्ही ‘नको’ म्हटलेलं नाही. आधी चासी मोज, तिरप्या नळ्या शाबूत ठेव, माउंटिंगचा भार एका बिंदूवर न टाकता पट्टीनं पसरव, ब्रेक वाढव, आणि इंजिन सगळ्यात शेवटी आण, एवढंच सांगितलं. तो आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्या वहीत आकडे आहेत, आम्ही पाहिले. काही चुकलेत. व्याख्यान संपल्यावर आम्ही दोघं ते पुन्हा मांडणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी जरूर थांबावं.