दोऱ्याचा डबा

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातील काळ्या मातीचे, ज्वारी-तुरीचे गाव. (२०२३ पर्यंत जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद असे होते, आणि जुन्या माणसांच्या तोंडी आजही दोन्ही नावे आलटून पालटून येतात.) या गावातील एका आजारी आजीबाईंना पवित्र कम्युनियन देण्यासाठी मी गेलो होतो. प्रार्थना आटोपून उठू लागलो, तो आजीबाईंची नजर माझ्या झग्याच्या लोंबत्या बटणावर गेली. त्यांनी सुनेला हाक मारली, "अगं, तो डबा आण. फादर असंच जातेत का काय?" सूनबाईंनी कोनाड्यातून बिस्किटांचा एक जुना गोल पत्र्याचा डबा आणला. बटण लावून होईपर्यंत तो माझ्या मांडीवर होता.

डब्यात दोरे होते. पण ते ज्या रीतीने ठेवले होते ती पाहून मी बटण विसरलो. काळा दोरा एका लाकडी रिळावर होता. त्या रिळावरची कागदी चकती झिजून कोरी झाली होती. पांढरा दोरा काडेपेटीच्या लाकडी टरफलावर आडवा गुंडाळलेला. लाल आणि हिरवा, ज्वारीच्या धाटाच्या वीतभर तुकड्यावर शेजारी शेजारी, मध्ये बोटभर जागा सोडून. प्रत्येकाचे टोक धाटाला दिलेल्या चिरेत अडकवलेले. गोधडीचा जाड दोरा मागाच्या कागदी कोनावर. सुया आणि एक दाभण लोकरीच्या चिंधीत खोचलेले. एका कोपऱ्यात मेणबत्तीचे थोटूक आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला. या सर्वांच्या तळाशी एक जुने पोस्टकार्ड होते. त्याच्या दोन्ही कडांना खाचा पाडून त्यांवर निळा दोरा गुंडाळलेला होता. सबंध डब्यात एकही गाठ नव्हती, आणि विकत आणलेले म्हणावे असे त्यात दोरा आणि सुया यांखेरीज काहीही नव्हते.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी मी लेख लिहिला होता. त्यात मोठ्या आत्मविश्वासाने असे विधान केले होते की, मिशनऱ्यांच्या शिवणवर्गांनी आमच्या खेड्यांतील स्त्रियांना टापटीप व काटकसर शिकवली. हे माझे संशोधन नव्हते. जुन्या मिशन-अहवालांची भाषा तशीच असते, सेमिनरीत आम्ही तीच वाचली, आणि तीच माझ्या लेखणीतून उतरली. शिवणवर्गांची नोंद झाली, कारण ती ठेवणारे कोणी तरी होते. कोनाड्यातल्या डब्याची नोंद कोण ठेवणार? इतिहासकाराने एवढ्यावरून तो डबा नव्हताच असे मानणे, ही चूक आहे. आणि ती मी केली आहे.

मुळात दोऱ्याचा स्वभाव पाहावा. दोरा म्हणजे पीळ दिलेले तंतू. पीळ आहे म्हणून त्याला बळ आहे, आणि पीळ आहे म्हणूनच तो सैल सोडला की स्वतःभोवती वेटाळतो. त्याला थोडा ताण देऊन कशावर तरी गुंडाळणे, याखेरीज दुसरा उपाय नाही. सूत घरी कातले जात होते त्या काळी ही गोष्ट बाईला कोणी शिकवावी लागत नसे. टकळीवर सूत निघे ते टकळीच्याच काडीवर गुंडाळले जाई. लडी, गुंडी, आटी हे शब्द मराठीत आले ते काही शाळेच्या फळ्यावरून नव्हेत. खादीच्या चळवळीने तर या घरगुती मापांना शिस्तच लावली : चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याच्या नियमावर शिक्कामोर्तब झाले. राष्ट्रीय सभेची वर्गणी नीट गुंडाळलेल्या सुतात मोजण्याचा तो प्रयोग फार काळ टिकला नाही. परंतु गुंतवळ देऊन सभासद होता येत नव्हते, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. (त्याच वर्षी यंत्रांविषयीच्या एका संवादात गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या आक्षेपांतून वगळले होते. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते.)

ज्याला आपण रीळ म्हणतो ते मात्र परदेशातून आले, आणि त्याची कथा युद्धापासून सुरू होते. १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडची व्यापारी कोंडी केली. रेशीम मिळेना म्हणून स्कॉटलंडमधील पेझली गावचे विणकर अडले. कारण मागावरचे ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोऱ्या रेशमाच्या असत. तेथील पॅट्रिक क्लार्क याने कापसाचा तितकाच गुळगुळीत आणि मजबूत दोरा तयार केला. जे मागाला चालते ते सुईलाही चालेल, हे ध्यानात येऊन १८१२ च्या सुमारास क्लार्क घराण्याने शिवणाच्या दोऱ्याचा कारखाना काढला. आरंभी हा दोरा लडीनेच विकला जाई. घरी नेऊन बायकांना तो गुंडाळावा लागे. एकाने लडी दोन्ही हातांत ताणून धरायची आणि दुसऱ्याने गुंडा करायचा. माझ्या लहानपणी आईसमोर मी अशी लडी धरून बसलेलो आहे. हात जरा खाली आले की पाठीत धपाटा मिळे, म्हणून ही रीत मला पक्की ठाऊक आहे. पेझलीच्या दुकानदाराने गिऱ्हाइकासाठी दोरा लाकडी रिळावर गुंडाळून देण्यास सुरुवात केली; त्या रिळासाठी तो अर्धा पेनी अनामत घेई आणि रिकामे रीळ परत आणून दिले की ती परत करी.

ही अर्ध्या पेनीची गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या देशातून हे रीळ आपल्याकडे आले, तेथेही प्रारंभी ते फेकून द्यायची वस्तू नव्हते. त्याला मोल होते आणि ते दुकानदार व बाई दोघांनाही ठाऊक होते. पुढे क्लार्क आणि कोट्स ही पेझलीची दोन घराणी १८९६ साली एक झाली, आणि त्यांची रिळे जगभर पोहोचली. आपल्या देशात मदुराईच्या हार्वे बंधूंच्या गिरणीशी कोट्सचे नाव १९७४ साली जोडले गेले, आणि ‘मदुरा कोट्स’ ही अक्षरे शिंप्यांच्या दुकानात रुळली.

आमच्या भागात अशा वस्तू यायला वाट हवी होती. ती बार्शी लाइट रेल्वेने करून दिली. १८९७ साली कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झालेली ही अडीच फुटी गाडी १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. बेंबळीचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैद्राबाद संस्थानात होता. एका बाजूला सोलापूरच्या गिरण्या आणि हातमाग, दुसरीकडे लातूरची पेठ, यांच्यामध्ये हा भाग. सोलापुरात मागावरच्या कांड्या भरण्याचे काम घरोघरी बायका करीत. हातातून सूत सुटू न देता सारख्या ताणाने गुंडाळणे, ही त्यांची रोजची मजुरीच होती. आजीबाईंच्या डब्यातला कागदी कोन अशाच कोण्या मागावरून आलेला असणार.

रीळ रिकामे झाले की त्याचा दुसरा जन्म सुरू होई. सुट्या दोऱ्यासाठी ते पुन्हा वापरले जाई, आणि अगदीच झिजले की पोरांच्या गाडीला चाक होई. नवे रीळ नसेल तेव्हा हाताशी जे असेल ते. काडेपेटीचेच घ्या. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी १९२३ साली स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना निघाला, त्यानंतर काडेपेटी घरोघरी झाली. तिचे पातळ लाकडी टरफल दोऱ्यासाठी जणू मापूनच केलेले होते : कडा सरळ, आत पोकळ, आणि त्या पोकळीत सुई ठेवायला जागा. पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या. त्या दोऱ्याच्या ताणाने मधोमध चेपतात, असे आजीबाईंचे म्हणणे. म्हणून त्यांनी लाकडी टरफल जपून ठेवले होते. सोललेले गुळगुळीत धाट चालते, ओले चालत नाही, कारण त्याचा डाग लागतो. रबर कधी लावू नये. उन्हाळ्यात ते वितळून दोऱ्याला चिकटते. टाचणी टोचू नये, गंजते. गर्द रंगाचा दोरा फिक्याच्या अंगाला लावून ठेवू नये. हे सारे शास्त्र त्यांनी मला बटण लावता लावता सांगितले. त्यातले एक अक्षरही कोणत्या शिवणवर्गातून आलेले नव्हते, कारण त्या शाळेतच गेल्या नव्हत्या.

मग धर्मभगिनींनी काहीच केले नाही की काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. फ्रान्समधील लियों या रेशमाच्या शहरात क्लोदिन तेवने यांनी अनाथ मुलींना आसरा देऊन रेशमाचे काम शिकवले, आणि १८१८ साली ‘जीझस अँड मेरी’ संघाचा पाया घातला. १८४२ साली या संघाच्या भगिनी आग्र्याला आल्या. १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्लोदिन यांना संतपद दिले. अशा मठांतून भरतकामाचे जे शिक्षण आपल्याकडे आले, त्यात नवे होते ते रंगांचे हिशेब. अल्सास प्रांतातील म्यूलूझ येथे १७४६ साली सुरू झालेल्या डीएमसी या पेढीच्या सहा पदरी, आठ मीटरच्या लडीवर कागदी पट्टी असते आणि पट्टीवर रंगाचा क्रमांक. ती पट्टी हरवली की पुढच्या वेळी तोच रंग मिळण्याची खात्री नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या पट्टीला भोके पाडून, प्रत्येक भोकात एकेक रंग ओवून, शेजारी क्रमांक लिहून ठेवण्याची पद्धत भरतकाम करणाऱ्या बायकांत रुळली. वेदीवस्त्रावरचा द्राक्षवेल एका वर्षी अर्धा भरून पुढच्या वर्षी पुरा करायचा, तर हे हवेच.

मेणबत्तीच्या थोटकाचा उलगडाही येथेच होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी वेदीवरील मेणबत्त्यांत मधमाश्यांच्या मेणाचे प्रमाण मोठे असावे असा दंडक होता. मिस्सा संपल्यावर उरलेली थोटके वाया जात नसत. त्यांवरून दोरा ओढून घेतला की त्याचे तंतू बसतात आणि तो वेटाळत नाही. चांभार आपल्या दोऱ्याला मेण लावतो त्यामागेही हेच आहे. येथे कोण कोणाकडून शिकले हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथेची हकिगत येते. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या, आणि तिने त्यांच्यासाठी केलेले कपडे त्यांनी त्याला दाखवले. लूकने कपड्यांची नोंद केली, एवढी तरी केली. तिची सुई आणि सूत कशात ठेवलेले होते ते मात्र त्याने लिहिले नाही. त्याला दोष कसा द्यावा? मीही माझ्या स्मरणिकेत लिहिले नव्हते.

आमच्या भागातील तांड्यांवरच्या बंजारा भगिनींचा विषय वास्तविक स्वतंत्र लेखाचा आहे. बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्याची वाहतूक करणारा हा समाज. रेल्वेने त्याचा व्यापार हिरावून घेतला आणि तांडे स्थिरावले. ज्यांचे घरच चालते होते, त्यांना दोरा कोनाड्यात ठेवणे शक्य नव्हते. आरसे-कवड्यांनी भरलेल्या त्यांच्या फेटिया आणि कांचळ्या पाहून आपण रंगांची वाहवा करतो. वाटेवर ते रंग एकमेकांत गुंतू न देण्याचे कसब आपल्या ध्यानीही येत नाही.

आजीबाईंचा तो डबा त्यांच्या आईचा. त्यांचे माहेर तेव्हाच्या उमरगा तालुक्यात, भूकंपाच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता धरणी हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदे, अशी ती घरे माणसांवरच बसली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आजीबाईंची आई त्यांतच गेली. ढिगारा उपसताना भावाला हा डबा सापडला. झाकण चेपलेले होते, त्यामुळे ते निघेना. पुढे उलथन्याने उचकटून काढले, तर आतला दोरा जसाच्या तसा. "मायच्या हातानं गुंडाळलेला," एवढेच आजीबाई बोलल्या आणि बटणाच्या शेवटच्या टाक्याला गाठ मारून दोरा दाताने तोडला.

राहता राहिले ते पोस्टकार्ड. हैद्राबाद संस्थानाची टपालव्यवस्था स्वतंत्र होती, आणि निळ्या दोऱ्याच्या कडेने उर्दू अक्षरांचा एक कोपरा दिसत होता. त्याखाली मोडीचे असावेत असे शाईचे दोन फराटे होते. कार्ड कोणी कोणाला लिहिले असेल, साल कोणते असेल, मला राहवेना. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला असे कागद समोर दिसले की हात आवरत नाहीत. मी दोऱ्याचे टोक खाचेतून सोडवू लागलो.

"फादर, ते उलगडू नका," आजीबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला आता कंप आहे. मायसारखा मला गुंडाळता यायचा नाही."

"पण आत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे का?"

"वाचाया कुणाला येतंय," त्या म्हणाल्या, "पण दोरा चांगला राहिलाय."

मी टोक पुन्हा खाचेत अडकवले. सूनबाईंनी डबा कोनाड्यात नेऊन ठेवला.