सलग २१ निर्धाव षटके, आणि त्यापलीकडचे बापू नाडकर्णी

पंचवटीच्या नाशिकात १९३३ साली जन्मलेल्या बापू नाडकर्णींचे नाव निघताच क्रिकेटरसिकांना एकच आकडा आठवतो: सलग २१ निर्धाव षटके. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य! याच पराक्रमाने त्यांच्यावर ‘केवळ धावा रोखणारा’ असा शिक्का बसला. तो अन्यायकारक आहे. त्याच मालिकेत कानपूरला फॉलोऑननंतर त्यांनी नाबाद १२२ धावा करून कसोटी वाचवली. त्याच वर्षी मद्रासलाच ऑस्ट्रेलियाचे ११ गडी टिपले. १९६८ मध्ये न्यूझीलंडला भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका जिंकली, तेव्हा वेलिंग्टनच्या दुसऱ्या डावात ४३ धावांत ६ बळी घेणारे गोलंदाजही नाडकर्णीच होते.