आक्रमक फळीतील नवोदिताची पारख

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे यशापयश आकड्यांत मांडता येते. त्याच्या रक्षणासाठी पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांच्या नावापुढे मात्र ना गुण लागतात, ना यार्ड. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल, अशी ही आक्रमक फळी. त्यातील खेळाडूचे नाव बहुधा चूक झाल्यावरच पुकारले जाते. त्यामुळे या जागी आलेल्या नवोदिताची प्रगती जोखणे हे जाणकारांनाही अवघड वाटते.

कामाचे स्वरूप

या खेळाडूला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. धावण्याच्या डावात त्याने पुढे मुसंडी मारून प्रतिस्पर्ध्याला रेटायचे असते. चेंडू फेकण्याच्या डावात मागे सरकत त्याला थोपवायचे असते. दुसऱ्या कामात कुस्तीगिराप्रमाणे पवित्रा, तोल आणि हातांची पकड निर्णायक ठरते. हात छातीच्या चौकटीबाहेर जाऊन पकड झाली, तर 'होल्डिंग'चा दंड म्हणून संघाला १० यार्ड गमवावे लागतात. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. त्या बाजूचा हल्ला त्याला दिसत नाही. म्हणूनच डाव्या टॅकलची जागा विशेष जोखमीची मानली जाते.

आकड्यांच्या मर्यादा

क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला गेला की त्यास 'सॅक' म्हणतात. परंतु प्रत्येक सॅकचा दोष फळीचा नसतो. चेंडू वेळेवर न सोडणे, शेजारच्या गार्डचा गोंधळ किंवा जादा हल्लेखोर न ओळखणे हीही कारणे असू शकतात. अलीकडे 'प्रो फुटबॉल फोकस' ही संस्था प्रत्येक डावातील कामगिरीला उणे २ ते अधिक २ या श्रेणीत गुण देते. 'ईएसपीएन'च्या मोजमापात चेंडू फेकण्याच्या डावात २.५ सेकंद प्रतिस्पर्ध्याला रोखून धरणे हा निकष आहे. ही साधने उपयुक्त असली, तरी प्रशिक्षकाने त्या डावात नेमके कोणते काम सोपवले होते, हे बाहेरच्या निरीक्षकास खात्रीने कळत नाही. चित्रफीत पुनःपुन्हा पाहण्यास पर्याय नाही, तो यामुळेच.

२०२० ची तुकडी

घाईने केलेला निवाडा किती फसवा ठरतो, हे २०२० च्या खेळाडू निवडीवरून दिसते. त्या वर्षी पहिल्या १३ निवडींत चार टॅकल होते. न्यूयॉर्क जायंट्सने चौथ्या क्रमांकावर अँड्र्यू थॉमस, क्लीव्हलँड ब्राउन्सने दहाव्या क्रमांकावर जेड्रिक विल्स, न्यूयॉर्क जेट्सने अकराव्या क्रमांकावर मेकाय बेक्टन, तर टँपा बे बकॅनियर्सने तेराव्या क्रमांकावर ट्रिस्टन वर्फ्स याची निवड केली. महासाथीमुळे त्या वर्षी मोसमपूर्व सामने रद्द झाले आणि नवोदितांना सरावाची संधीही फारशी मिळाली नाही.

वर्फ्सने पहिल्याच मोसमात सुपर बोल जिंकला. बेक्टनच्या ताकदीचीही वाहवा झाली. थॉमस मात्र पहिल्या अर्ध्या मोसमात वारंवार मात खात होता, आणि चौघांत सर्वप्रथम निवडला गेलेला हाच खेळाडू सर्वांत कच्चा, अशी टीका झाली. मोसम संपल्यावर त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. २०२२ मध्ये त्याच थॉमसला 'ऑल-प्रो'च्या दुसऱ्या संघात स्थान मिळाले आणि २०२३ मध्ये जायंट्सने त्याच्याशी पाच वर्षांचा ११ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला.

बेक्टनची वाट उलट दिशेने गेली. २०२१ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि २०२२ चा संपूर्ण मोसम हुकला. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तेथे त्याला टॅकलऐवजी उजवा गार्ड करण्यात आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल जिंकला. त्या फळीचा डावा टॅकल जॉर्डन मैलाटा हा ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगमधून आला होता. २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवड झाल्यावर पहिले दोन मोसम त्याला अधिकृत सामन्यात एकही डाव खेळायला मिळाला नव्हता.

परिपक्वतेची चिन्हे

मग पाहावे काय? चुकांच्या संख्येपेक्षा त्यांचे स्वरूप बोलके असते. तीच चूक पुन्हा घडते, की प्रतिस्पर्ध्याने नवा डावपेच टाकल्यावर नवी चूक होते? पहिली चाल फसल्यावर खेळाडू तोल सावरून डाव वाचवतो का? थकव्यानंतर शेवटच्या सत्रातही त्याची पावले नेटकी पडतात का? साहाय्यक खेळाडूच्या मदतीविना प्रशिक्षक त्याला एकटा सोडू लागले, तर विश्वास वाढल्याची ती खूण होय. जागा बदलल्यास पावलांची सवय मुळापासून मोडावी लागते, हेही ध्यानात घ्यावे लागते. अलाबामा विद्यापीठाकडून उजव्या बाजूला खेळलेल्या विल्सला क्लीव्हलँडने डावीकडे आणले, तेव्हा त्याला याच कसोटीला सामोरे जावे लागले.

व्यवस्थापनाला मात्र अमर्याद वेळ नसतो. पहिल्या फेरीतील खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय वापरायचा की नाही, हे तिसऱ्या मोसमानंतर ठरवावे लागते. एका मोसमावरून निकाल देणारा संघ उमलता खेळाडू गमावतो. तर आशेवर विसंबून राहणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकला त्याची किंमत शरीराने मोजावी लागते.