अल्ट्रासॉनिक तुषारयंत्रांतील फीडबॅक नियंत्रण

श्राव्यातीत, म्हणजे २० किलोहर्ट्‌झपेक्षा जास्त वारंवारतेच्या कंपनांनी द्रवाचे सूक्ष्म थेंब करणाऱ्या यंत्रांत, प्रत्यक्ष मोजमापावरून कंपनाची वारंवारता, शक्ती आणि तुषाराचे प्रमाण सतत दुरुस्त करत राहण्याची पद्धत. औषधी नेब्युलायझर आणि खोलीची हवा दमट ठेवणारे ह्युमिडिफायर ही अशा यंत्रांची परिचित उदाहरणे होत.

पार्श्वभूमी : प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत परिणाम शोधला. रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तीव्र श्राव्यातीत ध्वनीने द्रवाचे कारंजे उसळते व त्यातून धुके सुटते, हे दाखवले. थेंबांचा मध्यक व्यास द्रवपृष्ठावरील केशिका तरंगांच्या लांबीच्या सुमारे ०.३४ पट असतो, हे सूत्र आर. जे. लँग यांनी १९६२ मध्ये मांडले. त्यानुसार १.७ मेगाहर्ट्‌झला पाण्याचे थेंब सुमारे ३ मायक्रोमीटरचे, तर २.४ मेगाहर्ट्‌झला सुमारे २.३ मायक्रोमीटरचे येतात. फुप्फुसात खोलवर पोहोचण्यासाठी १ ते ५ मायक्रोमीटरचे थेंब योग्य मानले जातात.

नियंत्रणाची गरज : लँग यांच्या सूत्रात वारंवारता, पृष्ठताण व घनता या राशी येतात; शक्ती येत नाही. वारंवारता एक टक्क्याने सरकली तर थेंबाचा व्यास एक टक्कासुद्धा बदलत नाही. द्रवाला कंपने देणारी दाबविद्युत सिरॅमिकची चकती अनुस्पंदनातून बाहेर पडल्यामुळे धुके मात्र झपाट्याने ओसरते आणि कंपनाचा आयाम ठरावीक मर्यादेखाली गेला की पूर्ण थांबते. म्हणजे अशा यंत्रात नियंत्रणाचा मुख्य हेतू थेंबाचा आकार साधणे हा नसून धुक्याचे प्रमाण टिकवणे हा असतो.

अनुस्पंदनाची वारंवारता स्थिर राहत नाही. ती तापमान, चकतीवरील पाण्याची उंची, द्रवाची श्यानता, साचलेले क्षार आणि सिरॅमिकचे वय यांनुसार सरकते. एकाच घाण्यातल्या दोन चकत्यांतही थोडा फरक असतो. त्यामुळे कारखान्यातच कायमची ठरवून दिलेली वारंवारता फार काळ पुरत नाही.

वारंवारतेचा माग : सर्वांत स्वस्त उपाय स्वयंदोलनाचा. घरगुती ह्युमिडिफायरमध्ये बहुधा कोलपिट्स प्रकारचा ट्रान्झिस्टर दोलक असतो आणि चकती त्याच्याच फीडबॅक मार्गात जोडलेली असते. चकतीची वारंवारता सरकली की मंडलही तिच्यामागे सरकते. मात्र शक्तीवर अशा मंडलाचे नेमके नियंत्रण राहत नाही.

दुसरा उपाय फेज-लॉक मंडलाचा. अनुस्पंदनाला चकतीचा विद्युतदाब आणि प्रवाह जवळजवळ समफेज असतात. वारंवारता त्याखाली असेल तर प्रवाह दाबाच्या पुढे, किंचित वर असेल तर मागे पडतो. फेजचे चिन्ह पाहून कोणत्या बाजूला सरकायचे ते लगेच कळते. चकतीच्या स्थिर धारितेमुळे येणारी चूक काढण्यासाठी जोडीला वेटोळे बसवतात.

तिसऱ्या उपायात मायक्रोकंट्रोलर आरंभी ठरावीक पट्ट्यातील वारंवारता क्रमाने तपासून सर्वाधिक प्रवाह कोठे मिळतो ते नोंदवतो. त्यानंतर थोडे वर, थोडे खाली जात ते शिखर धरून ठेवतो. केवळ प्रवाह पाहून दिशा कळत नसल्याने ही चाचपणी यंत्र चालू असेपर्यंत सुरूच राहते.

शक्ती आणि संरक्षण : चकतीला मिळणारी शक्ती सहसा स्पंदरुंदी बदलून किंवा पुरवठ्याचा दाब कमीजास्त करून ठरवतात. चालू असताना द्रव तापतो. औषधी द्रावणाचे तापमान सुमारे १० ते १५ अंश सेल्सिअसने वाढू शकते आणि उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिन-औषधांना ते मानवत नाही. म्हणून थर्मिस्टरची नोंद पाहून शक्ती उतरवली जाते.

पाणी संपणे हा सर्वांत घातक प्रसंग. पाण्याकडे जाणारी ऊर्जा तेव्हा चकतीतच उष्णतेच्या रूपाने अडकते आणि चकती काही वेळातच तडकते. त्यासाठी टाकीत चुंबक बसवलेला तरंगता प्लॅस्टिकचा फ्लोट व त्याखाली रीड स्विच असतो. अलीकडच्या यंत्रांत संरोधाच्या बदलावरूनही कोरडी चकती ओळखली जाते. जाळी कंपवणाऱ्या मेश नेब्युलायझरमध्ये वारंवारता १०० किलोहर्ट्‌झच्या आसपास असून थेंबाचा आकार मुख्यत्वे जाळीच्या छिद्रांवर ठरतो. त्यांतही औषध संपल्याचे याच रीतीने ओळखता येते.

बाह्य वलय : वारंवारतेचे फीडबॅक-वलय मिलिसेकंदांत, तर तुषाराच्या वापराशी जोडलेले वलय त्याहून सावकाश चालते. ह्युमिडिफायरमध्ये आर्द्रतामापक ठरलेल्या पातळीला यंत्र बंद करतो व आर्द्रता थोडी खाली उतरली की पुन्हा चालू करतो. हे अंतर न ठेवल्यास यंत्र सारखे चालू-बंद होत राहते. संवेदक धुक्याच्या झोतात आला तर तो ओला होऊन चुकीची, जास्त आर्द्रता दाखवतो. आय-नेब या मेश नेब्युलायझरमध्ये दाब-संवेदक आधीच्या तीन श्वासांवरून रुग्णाची लय ओळखतो आणि श्वास आत घेण्याच्या पहिल्या भागातच औषध सोडतो. श्वास सोडताना वाया जाणारे औषध त्यामुळे वाचते.

मर्यादा : वरील बहुतेक वलये धुके मोजत नाहीत, विद्युत खुणा मोजतात. चकतीवर क्षारांचा थर असेल किंवा द्रव फार घट्ट असेल तर प्रवाह शिखरावर असूनही धुके अपुरे राहते. निलंबनाच्या रूपातील औषधांत, उदाहरणार्थ ब्यूडेसोनाइडमध्ये, धुके दिसले तरी औषधाचे कण मोठ्या प्रमाणात मागेच राहतात; ही त्रुटी कोणतेही वारंवारता-वलय पकडू शकत नाही. थेंबांचे आकारमान लेसर विवर्तनाने, तर बाहेर पडलेल्या द्रवाचे प्रमाण वजनातील घटीने मोजता येते. पण वजन केवळ द्रव सांगते, औषध नव्हे. त्यासाठी तुषार गाळणीवर पकडून रासायनिक विश्लेषण करावे लागते. हे काम प्रयोगशाळेतच होते, आणि नेब्युलायझरची अंतिम पारख याच चाचण्यांवर ठरते.