पान, जर्नल आणि २००८ची कोंडी

बंगळूरु आणि कोंडी हे शब्द जोडीनं आले की सिल्क बोर्डचा चौकच डोळ्यांपुढे येतो. आज सांगतोय ती कोंडी निराळी.

२००७-०८मध्ये लिनक्सची ‘ईएक्सटी४’ ही फाइल सिस्टीम आकाराला येत होती. डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे, याचा हिशेब ती ठेवते. बंगळूरुच्या आयबीएममधले दोघे त्या कामात होते. अमित अरोरा यांनी फाइलसाठी आधीच जागा राखून ठेवणारा ‘फॉलोकेट’ लिहिला. दुसरे अनीशकुमार के. व्ही.

ईएक्सटी४ एक वही ठेवते, तिला जर्नल म्हणतात. बदल आधी वहीत, मग जागेवर. वीज गेली तरी हिशेब जुळतो. नोंदींचा एक गठ्ठा म्हणजे ट्रान्झॅक्शन, तो पक्का करणं म्हणजे कमिट. २००८मध्ये ठरलं, की कमिट करतानाच फाइलची मेमरीतली पानंही डिस्कवर उतरवायची. त्यासाठी पानाला कुलूप लावावं लागतं. पण फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्राम आधी पानाचं कुलूप घ्यायचा आणि मग ट्रान्झॅक्शन मागायचा. कमिट चालू असेल तर त्याला थांबावं लागे, आणि कमिट थांबे त्याच्याच हातातल्या पानासाठी. झाली कोंडी!

मुहूर्त जुळला तरच ती होते, हीच पंचाईत. ती मुद्दाम घडवायची तर जर्नल लहान ठेवायचं, मेमरी कमी द्यायची, ‘एफएसस्ट्रेस’चे पुष्कळ प्रोग्राम एकदम सोडायचे आणि वाट बघायची. २००६मध्ये इंगो मोलनार यांचा ‘लॉकडेप’ आला होता. तो प्रत्यक्ष कोंडीची वाट बघत नाही. कुलपांचा क्रम एकदा जरी उलटा दिसला तरी ओरडतो. पण पानाचं कुलूप म्हणजे जेमतेम एक बिट. त्याचा हिशेब लॉकडेपकडे नव्हताच! मग अडकलेला प्रत्येक प्रोग्राम नेमका कुठे उभा आहे, ते कर्नलकडून छापून घेऊन माणसानंच वाचायचं.

उपाय यान कारा यांच्या पॅचमध्ये आला : सगळ्यांनी आधी ट्रान्झॅक्शन घ्यायचं, पान नंतर. ऐकायला एका ओळीचं वाटतं. अडचण अशी, की मेमरी सांभाळणारा कर्नलचा भाग पान फाइल सिस्टीमकडे देतो तेच कुलूप लावून. तिथे क्रम कसा उलटणार? म्हणून डिस्कवर जागा मिळवण्याचं काम आणखी अलीकडे आणावं लागलं, प्रोग्राम मेमरीतून फाइलच्या पानावर पहिल्यांदा लिहायला जातो त्या क्षणी. ही सोय अनीशकुमार यांच्या पॅचनं केली. तिचा आणखी एक फायदा म्हणजे डिस्क भरली असेल तर ते तेव्हाच कळतं, मागाहून डेटा गमावून नाही. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

ऑक्टोबर २००८मध्ये २.६.२७ कर्नलबरोबर हे बदल बाहेर आले. डिसेंबरमध्ये, २.६.२८ला, ईएक्सटी४वरची ‘प्रायोगिक’ ही पाटी उतरली. दोन वर्षांनी नेक्सस एस या फोनबरोबर ती अँड्रॉइडमध्ये आली, आणि लोकांचे फोटो तिच्या भरवशावर राहू लागले.